गिरणीत गाजलेली गाणी

माझ्या गिरणीमागच्या खोलीत सराव करणाऱ्या सरांइतक्या मोठ्याने देवाला हाक मारणारा आणि एरवी त्यांच्याइतकं हळू बोलणारा माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा सापडणार नाही. दळणाचा डबा ठेवताना "ताई, गहू आहेत, जाडसर चालतील" हे ते अशा आवाजात सांगत, की मला मोटार बंद करून पुन्हा विचारावं लागे. पण हेच सर गळ्यात गिटार अडकवून, शाळेत कवायतीला वापरलेली शिट्टी फुंकत आणि "जक्कया, झाडावरून उतर!" असं ओरडत, तेव्हा येशूला बघायला झाडावर चढलेला तो बुटका जक्कयच काय, मेहरूण तलावाकाठचे बगळेसुद्धा उडत. असल्या गाण्याला ते पंक म्हणत. हे पंक म्हणजे नक्की काय, असं मी एकदा विचारलं, तर सर म्हणाले, "तीन सूर, दोन मिनिटं आणि मनापासून आरडाओरडा."

"आणि येशू?"

"मनापासून म्हटलं ना, ताई."

बँडमध्ये माणसं तीन. गिटारवर आणि गाण्याला सर, ड्रमवर त्यांचे पिंपळनेरचे मेहुणे आणि बेसवर भुसावळहून येणारे रेल्वेतले एक गृहस्थ, जे एका शब्दाखेरीज कधी काही बोलल्याचं मला आठवत नाही. चर्चच्या पाळकांनी भिंतीचा गिलावा दाखवून सभागृह नाकारलं, सरांच्या घरच्यांनी काहीही न दाखवता गच्ची नाकारली. माझी हरकत नव्हती. गिरणीत तसंही कोणाला काही ऐकू येत नाही. पहिल्या दिवशी तिघांनी डोळे मिटून प्रार्थना केली, आमेन म्हटलं, शिट्टी वाजली आणि पुढचा आवाज ऐकून मी पट्टा तुटला समजून मोटार बंद करायला धावले. नंतर सवय झाली. नाताळात हे तिघे घरोघर गात फिरत, तेव्हा लोक पहिलं कडवं संपायच्या आत फराळाचं ताट बाहेर आणत. सरांना वाटे, काय हे प्रेम!

मागच्या वर्षी मेहुण्यांना मुलाने कायमचं बडोद्याला बोलावलं. ते जाण्याआधी निवडक गाण्यांचा अल्बम काढायचाच, असं सरांनी ठरवलं. नाव, 'आमची गाजलेली गाणी'.

"गाजली कुठे?" मी विचारलं.

"तुमच्या गिरणीत," सर म्हणाले.

तिघे धुळ्याला रेकॉर्डिंगला गेले आणि संध्याकाळी पडलेल्या चेहऱ्यांनी परत आले. तिथल्या गादी लावलेल्या, शांत खोलीत त्यांना एकही गाणं धड वाजवता आलं नव्हतं. मेहुणे सुसाट पुढे पळत, मग अडखळत, मग थांबत. "अक्का, मना काय दोष शे?" ते मला म्हणाले. "तठे पट्टाच नव्हता!" तेव्हा उलगडा झाला. गिरणीच्या पट्ट्याचा सांधा पुलीवरून जाताना टक् करतो. इतकी वर्षं ते त्या टक्-वर ठेका धरत होते आणि हे त्यांनाही माहीत नव्हतं.

मेहुणे रविवारी जाणार होते. सरांनी मला हळूच विचारलं, उद्या नुसती गिरणी चालू ठेवाल का? मी साफ नाही म्हटलं. रिकामी गिरणी चालवत नाहीत. दगडावर दगड घासून झिजतात. "दळण आणा," म्हटलं, "मग हवं तेवढं गा."

दुसऱ्या दिवशी सरांनी गहू आणले. मेहुण्यांनी कळण्याच्या भाकरीच्या पिठासाठी ज्वारी-उडीद आणले. बेसवाल्यांनी हरभऱ्याच्या डाळीची पिशवी पुढे ठेवली आणि आयुष्यात प्रथमच माझ्याशी बोलले, "बारीक." धुळ्याचा रेकॉर्डिंगवाला तोंडाला रुमाल बांधून यंत्रं लावत बसला. प्रार्थना झाली, शिट्टी वाजली आणि एकामागून एक गाणी अशी बसली, जशी दळणाची धार, कुठे खंड नाही. जक्कय निम्मा उतरलेला असताना मी सवयीने ओरडले, "कळणा झाला, डबा कुठंय?" रेकॉर्डिंगवाल्याने कपाळाला हात लावला. पुन्हा घेऊ म्हणाला.

"राहू द्या," सर म्हणाले.

"अक्का बी बँडमाच शे," मेहुणे म्हणाले. तोपर्यंत तिघेही पिठाने इतके पांढरे झाले होते, की कोण सर आणि कोण मेहुणे, ओळखू येत नव्हतं.

अल्बम आला. शेजारच्या चाचींनी तो पूर्ण ऐकला आणि निकाल दिला, "गाना ठीक है, लेकिन चक्की अच्छी बजाई." मी तो मोबाइलवर ठेवलाय. भाकरी करताना लावते. हात भराभर चालतो.

मेहुणे बडोद्याला रमलेत म्हणे. मागची खोली बंद असते. सर मात्र डबा घेऊन येतात, पूर्वीसारखंच हळू बोलतात आणि दळण होईपर्यंत थांबतात. परवा पाहिलं, तर त्यांची बोटं डब्याच्या झाकणावर पट्ट्याबरोबर चालली होती आणि ओठ हलत होते. जक्कय झाडावर नुकताच चढला असावा. तेवढ्यात त्यांचे गहू संपले. मी हात बटणापर्यंत नेला आणि तिथेच ठेवला. दोन मिनिटांनी दगड काही झिजून जात नाहीत.