बंपरला पोळ्याचं पॉलिश

परदेशी गाडीच्या बंपरला मी बैलाच्या शिंगांचं पॉलिश केलं. कोणी सांगितलं नव्हतं. अक्कल माझीच.

गाडी वाशीमच्या एका कापड दुकानदाराच्या मुलाची. तो माझा शाळेपासूनचा दोस्त. त्यानं मुंबईहून एक जुनी, बुटकी, दोनच माणसं बसतील अशी रेसची गाडी आणली होती. तिचे बंपर लोखंडाचे नव्हते, काळ्या प्लॅस्टिकचे होते. म्हणजे एके काळी काळे. उन्हानं ते राखेत लोळलेल्या गाढवासारखे पांढुरके झाले होते.

मला शेलूबाजारला मुलगी पाहायला जायचं होतं. आणि मी, हायस्कुलातला चित्रकलेचा मास्तर, "मोटारीनं येतो" असं आधीच कळवून बसलो होतो. दोस्त म्हणाला, "गाडी देतो, मीच चालवतो. पण हे बंपर पयले काळे कर. अशी गाडी घेऊन बाजारातून जायची मले लाज वाटते."

रंग लावला तर पोपडे निघतील, एवढं मास्तराला कळत होतं. तेवढ्यावरच थांबायला हवं होतं. पण पोळा नुकताच होऊन गेला होता. आमच्याकडे पोळ्याला बैलांची शिंगं बाटलीच्या काचेनं खरवडतात, मग तेल चोळून चमकवतात. बंपर तरी काय, गाडीची शिंगंच! मी काचेनं दोन्ही बंपर खरवडले. त्यांच्यावर ओरखड्यांची नक्षी उठली. ती बुजवायला जवसाच्या तेलात कंदिलाची काजळी कालवली आणि चांगली तीनदा चोळली. बंपर असे काळेभोर झाले की दोस्तानं त्यात पाहून भांग पाडला.

गाडीत जागा दोघांचीच, म्हणून वडील एसटीनं निघाले आणि आमच्या आधी पोचले. दोस्त वाटेत दिसेल त्या ओळखीच्या माणसापाशी गाडी थांबवत होता ना!

मुलीच्या दारात गाडी लावली. आत पोहे आले, मुलगी आली. तिनं मान खाली घातली, मीही घातली. तेवढ्यात बाहेर हशा उठला. चरून आलेली त्यांची गाय पुढचा बंपर डोळे मिटून चाटत होती. जवसाची ढेप, तेल काढून उरलेली पेंड, म्हणजे गाईचा जीव की प्राण. इथे तर नुसतं तेल! अर्धा बंपर पुन्हा पांढरा, गाईचं तोंड काळं.

मुलीचे वडील धावले. गाय गाभण होती. "काय लावलं जी याले? इख तं नाई?"

"जवसाचं तेल आणि काजळी," मी म्हणालो. "पोटात गेलं तरी काही होत नाही."

मुलगी पाठोपाठ दारात आली होती. पोह्यांच्या वेळी वाटली तितकी गरीब नव्हती. "मंग तुमी चाटून दाखवा ना."

तिचे वडील माझ्याकडे पाहू लागले, माझे वडील जमिनीकडे, दोस्त आभाळाकडे. मी बोटानं बंपर पुसला आणि बोट चाटलं. काजळी चवीला तितकी वाईट नसते, पण जिभेवरून जात नाही. त्या काळ्या जिभेनं मग मी सगळंच सांगून टाकलं: गाडी माझी नाही, मला चालवता येत नाही, पॉलिश तेवढं माझं.

परतताना दोस्त वाशीमपर्यंत बंपरवरच बोलत होता. वडील, एसटीत असल्यामुळे, सुदैवानं काही बोलत नव्हते. स्थळ गेलं असं मी धरून चाललो.

आठ दिवसांनी मुलीचे वडील स्वतः आमच्या घरी आले. गाय ठणठणीत होती. मुलीचा होकार आहे म्हणाले. मला राहवलं नाही. "पण त्यांनी होकार दिला कसा?"

"म्या बी तेच इचारलं तिले," ते म्हणाले. "तं म्हणते, बाबा, हा माणूस जलमभर खोटं बोलनार नाई. खोटं बोलाले अक्कल लागते."