चाळणकाकूंची वाळू

तीस वर्षं बांधकामावर वाळू चाळली म्हणून त्यांचं नाव चाळणकाकू पडलं, ते काम सुटल्यावरही चिकटून राहिलं. मुलाला हे नाव खपत नसे. तो आता बँकेत साहेब होता. त्यानं हौसेनं बाहेरच्या खोलीत काचेची टाकी मांडली, तळाशी निळेजांभळे खडे पसरले आणि चार मिशीवाले मासे सोडले. तळात तोंड खुपसून खाणं शोधायची या माशांची रीत.

दोन महिन्यांत त्यांच्या मिशा झिजल्या. काकूंच्या ते आधी लक्षात आलं, कारण दुपारभर टाकीसमोर त्याच बसायच्या. त्यांनी पाण्यात हात घातला, एक खडा काढून गालावरून फिरवला. टोचला.

"हे खडे काढू या," संध्याकाळी त्या मुलाला म्हणाल्या. "वाळू घालू."

"घरात वाळू नको, आई. जन्मभर तेच केलंस. कुणी विचारलं तर काय सांगू, बांधकामावरून आणली?"

"तिथूनच आणणार. मला वाळूची लाज कधी वाटली नाही. तुला वाटत असेल, तर पाहुणे आले की आत जाऊन बस."

माशांच्या दुकानदारानंही त्यांचं बोलणं हसण्यावारी नेलं. "टाकीचा चिखल होईल, काकू. आणि वाळूत शिंपल्यांचा चुरा असला तर पाणी बिघडेल."

"चुरा आहे हे कसं कळतं?"

"व्हिनेगर टाका. फेस आला की समजा आहे. पण तुम्ही कशाला या फंदात पडता?"

"मी कुठे पडले? मासे पडलेत."

दुसऱ्या दिवशी काकू जुन्या मुकादमाकडे गेल्या आणि तीन ढिगांतली मूठमूठ वाळू पिशव्यांत भरून आणली. मशीनवर दगड फोडून केलेली पहिली वाळू बोटांत चोळताच टाकून दिली. कडा धारदार होत्या. दुसरी मऊ लागली, पण व्हिनेगर पडताच फसफसली. तिसरी नदीतली, गोल दाण्यांची. तिला फेस आला नाही. तिचं अर्धं पोतं डोक्यावर घेऊन त्या भर सकाळी चौकातून घरी आल्या.

वाळू चाळली. बादलीत धुतली, अकराव्या पाण्याला गढूळपणा गेला. मासे दुसऱ्या बादलीत हलवून त्यांना हवेची नळी लावली आणि खडे काढून टाकीत वाळूचा दोन बोटं जाड थर दिला. पाणी ओतल्यावर मात्र सगळं धुरकट झालं.

"झालं समाधान?" मुलानं विचारलं.

"थांब जरा."

दुसऱ्या संध्याकाळीही काचेपलीकडचं काही दिसेना. तरी काकूंनी खडे परत घालायचं नाव काढलं नाही. तिसऱ्या सकाळी पाणी निवळलं. मासे सोडले, तसे ते डोळ्यांपर्यंत वाळूत घुसले आणि कल्ल्यांतून दाणे उडवू लागले. मुलानं खुर्ची ओढली आणि ऑफिसला उशीर होईपर्यंत बघत बसला.

हळूहळू तिघांच्या मिशा वाढल्या. चौथ्याच्या मुळापासून गेल्या होत्या, तो तसाच राहिला. पण खायला तोच सगळ्यांत पुढे.

महिन्याभरानं दुकानदार स्वतः टाकी बघून गेला. जाताना दारात घुटमळला.

"काकू, माझ्या टाक्यांसाठी चार पोती आणून द्याल?"

"आणून देणार नाही," काकू म्हणाल्या. "रविवारी जुने कपडे घालून या. चाळायला शिकवते."