जिल्हाआत्या

आमच्या गावात कोणी "रत्नागिरीला जातो" म्हणत नसे. "जिल्ह्याला जातो" म्हणत. आणि जिल्ह्याला जायचं म्हणजे आधी माझ्या आत्याकडे. कोर्टामागच्या चढावर तिच्या दोन खोल्या होत्या. तिचे यजमान कचेरीत होते. ते वारले, तरी गावच्या माणसांचा राबता काही थांबला नाही. तिला सगळे जिल्हाआत्याच म्हणायचे.

कॉलेजसाठी मी तिच्याकडे राहिले तेव्हा कळलं, जिल्ह्याचं ठिकाण म्हणजे अख्ख्या जिल्ह्याने दमून येऊन टेकायची पायरी. कुणाचं माणूस सिव्हिलला, कुणाच्या जातीच्या दाखल्याची पडताळणी, कुणाची तारीख. उपाशी ती कुणालाच सोडत नसे. "आदी दोन घास खा. उपाशी मानूस सायबासमोर नुस्ती मान हलवतो," म्हणत भातावर कुळथाची पिठी ओतायची.

वाडीतले दोघे सख्खे भाऊ बांधावरच्या फणसापायी कोर्टात भांडत होते. आदल्या दिवशी दोघंही उतरायचे आत्याकडेच. दुसरं होतं कोण? "भांडान तितं कोर्टात. हितं शेजारी बसून जेवा," ती दटावायची. सकाळी दोघे बरोबर जायचे, दुपारी बरोबरच परत यायचे. "आत्ये, पुढची तारीख पडली." तोंडं दोघांचीही सारखीच उतरलेली. ती पुन्हा भात टाकायची.

तिचे गुडघे पार गेले होते. "येकदा कुलूप लावते आन् गावाला जाऊन पाय पसरून निजते," हे तिचं पालुपद. कोर्टाला मे महिन्याची सुट्टी लागली की जाईन म्हणायची, तर मेमध्ये दाखल्यांसाठी पोरं हजर! मला येणाऱ्यांचा मनापासून राग यायचा. एकदा मी दारातच सांगितलं, आत्या घरात नाही. आतून ही खोकली. "हाय गो मी. येऊ दे त्यांना."

ती गेली त्याच्या आदल्या वर्षी मीच तिला गावाला पोचवून आले, कायमचं म्हणून. पंधरवड्यात एस्टीने एकटीच परत आली आणि खोलीत भिंतीला टेकून बसली. वाडीत तीन घरं तेवढी उघडी होती, बाकी सगळे मुंबईला. तिची दशा पाहून मला भडभडून आलं. म्हटलं, "आत्ये, आता तरी दार लाव आणि झोप. कोण आलं तरी उघडू नको."

गुडघ्यांवर हात देऊन ती उठली आणि तिने दार सताड उघडलं.

"लावलेली दारंच बगून आले, बाय."