नांदुऱ्याचा भोंगा

आमचा गणपत लष्करात लॉरी हाकतो. रंगूनवर बॉम्ब पडल्यापासून त्याची खबर नव्हती. मग कार्ड आलं: दहा दिवसांची रजा, नांदुऱ्याला उतरतो. सोनाळ्याहून मी बैलगाडी जुंपली. ज्यांची मुलं लढाईवर आहेत त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हा प्रवास लिहितो.

निघताना बायकोने भाकरी बांधल्या. "त्याचे हातपाय शाबूत असतीन ना हो?" तिने विचारलं. वाटभर तोच प्रश्न माझ्या छातीवर बसला होता.

वाट दीड दिवसाची. पूर्णेच्या वाळूत चाकं रुततात, तेव्हा नदी उजेडी ओलांडावी. मुक्कामाला देऊळ बरं. स्टेशनाजवळच्या खानावळीत पिठलं-भाकर चांगली मिळते.

गणपत उतरला तो धडधाकट. मी मनात देवाला हात जोडले. चहा घेऊन आम्ही बैलगाडीकडे निघालो आणि जवळच्या जिनाचा, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या गिरणीचा, दुपारचा भोंगा झाला.

मानगूट धरून त्याने मला धुळीत पाडलं, वर स्वतः पडला. "बाबा, वर पाहू नका!"

कापसाचे गाडीवान हसले. "काऊन बे शिपाया, भोंग्याले भेला काय?"

भोंगा थांबेपर्यंत त्याने मला उठू दिलं नाही. आम्ही नदीला लागलो. तिथे तो म्हणाला, "रंगूनच्या धक्क्यावर असाच भोंगा झाला. विमानं चांदीवानी चमकत होते. आम्ही पाहतच राह्यलो, बाबा. मले एकानं लॉरीखाली ओढलं. बाकीचे पाहत राह्यले ते तिथंच राह्यले."

दारात बायकोने त्याचे हात, पाय, बोटं चाचपली. "धड आहे ना?"

"हो," मी म्हणालो.

संध्याकाळी पोथी लावली. भक्ताला न्यायला वैकुंठाहून विमान येतं, तो अध्याय होता. गणपत समोर बसलेला. मी ती ओवी गाळली.

बायकोला अक्षर येत नाही, पण पोथी सगळी पाठ. गणपत बाहेर गेल्यावर तिने विचारलं, "काऊन गाळली ओवी?"

मग सांगावंच लागलं.

रजा सरली. नको जाऊ म्हणायची सोय नव्हती. तिने मला एवढंच बजावलं, "भोंग्याच्या आधी त्याले आगगाडीत बसवा."

बसवला. गाडी गेल्यावर भोंगा झाला. मी रस्त्यात उभा होतो, पण मान वर करायचा धीर झाला नाही.

पोथी रोज चालते. तो अध्याय आला की त्या ओवीपाशी मी थांबतो. आता ती विचारत नाही. विमानाची ओवी सोडून पुढची तीच म्हणते.