चांदोबाचा च

बकुळ दाणी झाशीत मुलींच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. दतिया गेटच्या आत, शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ती आणि तिचे वडील हरिभाऊ राहतात. हरिभाऊ रेल्वेत गार्ड होते. भुसावळहून बदली झाली तेव्हा दोन-तीन वर्षांत परत येऊ, असं बायकोला सांगून ते निघाले होते. बायको इथेच गेली, नोकरी इथेच संपली आणि निवृत्तीनंतर काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, तेही इथेच. धाकटा भाऊ अमित पुण्यात नोकरीला. त्यामुळे वडिलांचं बघायला बकुळच.

हरिभाऊंना वाचायचं वेड. डोळे गेल्यावर ते खाटेवर नुसते बसून राहायला लागले, तेव्हा बकुळने घरच्या कॉम्प्युटरवर पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम घातला. फुकट मिळणारा, मूळ कोड सगळ्यांसाठी उघडा असलेला. कुणीही तो बघावा, सुधारावा, सुधारणा परत पाठवावी. मराठी मजकूर तो वाचायचा, पण आकडे हिंदीत. बावन्नला बावन, त्रेसष्टला तिरसठ.

"बाहेर हिंदी, शाळेत हिंदी, दूधवाला बुंदेली," हरिभाऊ म्हणाले. "आता घरातलं मशीनपण हिंदी बोलणार का गं?"

बकुळने सुट्टीत बसून मराठी आकडे बसवले आणि प्रोग्रॅम चालवणाऱ्या मंडळींना पाठवून दिले. ही मंडळी देशोदेशीची, कुणी कुणाला भेटलेलं नाही. त्यांनी आभार मानले आणि विचारलं, मराठीचं सगळं तुम्हीच बघाल का? मधल्या सुट्टीत, डबा खाता खाता, तिने "हो" लिहिलं.

त्या "हो"ला आता नऊ वर्षं झाली.

प्रोग्रॅम पसरत गेला. दृष्टिहीन मुलं त्याच्यावर अभ्यास करू लागली, बँकांतले कर्मचारी काम करू लागले. दर थोड्या महिन्यांनी कॉम्प्युटरची नवी आवृत्ती यायची, मराठी आवाज बंद पडायचा आणि लोक बकुळला शोधत यायचे. परीक्षा तोंडावर आहे, ताई. साहेब ओरडतात, मॅडम. ती ओरछ्याला लग्नाला गेली तरी पंगतीत बसून फोनवर उत्तरं द्यायची.

सगळ्यात जास्त तक्रारी "च"च्या. मराठीत च दोन. चंद्राचा वेगळा, चांदोबाचा वेगळा. चहाचा वेगळा, चाकाचा वेगळा. लिहायला एकच अक्षर, त्यामुळे मशीनला शब्दाशब्दाने शिकवावं लागतं. साताऱ्याचे एक निवृत्त मास्तर तर आठवड्याला लिहायचे, "आपला आवाज मराठी बोलतो की मराठीची थट्टा करतो?"

बकुळची अडचण अशी होती की तिला स्वतःलाच हा फरक धड ऐकू यायचा नाही. ती झाशीत वाढली. तिच्या तोंडात दोन्ही च एकच, शाळेतल्या मैत्रिणींचा असायचा तसा. प्रत्येक शब्दाला ती खाली विमलाबाईंकडे जायची. विमलाबाई म्हणजे शिंप्याच्या शेजारच्या घरातल्या, पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या मराठी कुटुंबातल्या. पण त्यांच्या घरात अजून जुनी बोली होती.

"काकू, चूल म्हणा."

"चूल."

"चिमणी?"

"चिमणी. अगं, हे काय वेड लागलंय तुला?"

हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. सगळ्या जगाला मराठी उच्चार शिकवणारी बाई मराठी उच्चार उसने आणते, हे कसं सांगणार?

मग पुण्याहून विचारणा आली. अशीच सॉफ्टवेअरं बनवणारी एक कंपनी होती. तिचं काम बघून त्यांनी बोलावलं होतं. बकुळने हरिभाऊंना सांगितलं.

"तू जा," ते म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"मला तिथला जिना माहीत नाही, बकू."

इथल्या जिन्याच्या पायऱ्या त्यांना पायाने पाठ होत्या. नळ कुठे, खिडकी कुठे, खाली टेलरजींच्या मशीनचा आवाज थांबला म्हणजे दुपारचे जेवायला गेले. तिने कंपनीला नाही कळवलं. त्यावर बापलेक पुन्हा बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून संध्याकाळी जिना चढताना तिचा पाय पहिल्या पायरीवर थोडा थांबायचा. वर बाबा, कॉम्प्युटर आणि कॉम्प्युटरमधले लोक.

निदान यातलं एक तरी सुटावं, म्हणून तिने मुख्य मंडळींना लिहिलं, मला आता मोकळं करा. उत्तर सभ्य होतं. जरूर, पण तुमच्या जागी कुणीतरी शोधा. कुणी मदतीला यावं असं वाटत असेल तर मदत कशी करायची याचे नियम लिहून ठेवा.

तिने ते आधी सोपे लिहिले होते. त्यावर भूषण नावाच्या एका कॉलेजच्या मुलाने हजारो शब्दांचे उच्चार एकदम पाठवले. बकुळ इतकी खूश झाली की तिने ते तसेच घेतले. ते शब्द त्याने ऐकलेलेच नव्हते. एआयला सांगून एका दमात तयार करून घेतले होते. दुसऱ्या दिवसापासून आवाज चिमणीला भलतंच काही म्हणू लागला. अख्खी दिवाळी ते निस्तरण्यात गेली.

म्हणून मग नियम वाढले. शब्द अमुक पद्धतीने लिहावा. व्याकरणाचा आधार द्यावा. तपासणी कशी करायची ते चित्रांत दाखवलं आहे, तसंच करावं. एक जरी पायरी चुकली तर पाठवलेलं परत येईल. प्रत्येक चुकीसरशी ती एक नियम घालायची. वर्ष गेलं. येणारे आले, परत गेले. एकाचंही काम आत गेलं नाही.

एप्रिलमध्ये, गरम वाऱ्यांची लू सुटायला लागली तेव्हा, नांदेडहून कल्याणीचा निरोप आला. कल्याणी बँकेत काम करायची, जन्मापासून दृष्टिहीन. "ताई, मी तीनदा प्रयत्न केला. तुमचे नियम मी तुमच्याच आवाजात ऐकते. मधेच तो म्हणतो, चित्र. पुन्हा चित्र. त्या चित्रात काय आहे, ते मला कोण सांगणार?"

बकुळने ते दोनदा वाचलं. मग हरिभाऊंच्या खाटेजवळ कॉम्प्युटर आणला आणि ते नियम पहिल्यापासून वाचायला लावले. रविवारची दुपार होती. आवाज वाचत होता. असावे. नसावे. अन्यथा परत पाठवले जाईल. चित्र. हरिभाऊ आधी लक्ष देऊन ऐकत होते, मग त्यांची मान कलली, मग जागे झाले. आवाज अजून वाचतच होता.

"बाबा, काही कळलं का?"

"कळलं की. कुणी येऊ नका म्हणतेयस."

"मी लोकांना बोलावतेय, बाबा."

"असं बोलावतात?" ते म्हणाले आणि पाणी मागितलं.

पाणी देताना तिला रडू आलं. त्यांना ते दिसलं नाही, पण ऐकू आलं असावं. त्यांनी पेला रिकामा झाल्यावरही तिचं मनगट सोडलं नाही.

संध्याकाळी तिने कल्याणीला फोन केला. आधी चित्रांबद्दल माफी मागितली. मग जे नऊ वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, ते सांगून टाकलं. "मला चांदोबाचा च ऐकूच येत नाही गं. मी खाली एका काकूंना विचारून येते."

कल्याणी हसायला लागली. "अहो ताई, आमच्या घरात लहान पोरालापण येतो तो! आधी सांगायचं नाही का?"

दोघींनी मिळून नियम नव्याने लिहिले. ऐकत ऐकत. जे ऐकून लक्षात राहिलं नाही, ते काढून टाकलं. शेवटी उरलं ते एवढंच: शब्द तुम्ही स्वतः ऐकलेला असू द्या. आणखी एका माणसाकडून तो म्हणवून घ्या. तुमचं गाव सांगा. चूक झाली तर घाबरू नका, आम्ही फोन करू.

लोक यायला लागले. परभणीची एक नर्स आली, वाईचा एक रिक्षावाला आला. साताऱ्याचे मास्तर सगळ्यांत उत्साहाने आले आणि त्यांना आवरणं हेच कल्याणीचं मोठं काम होऊन बसलं. पाऊस संपेपर्यंत मराठीची सगळी जबाबदारी कल्याणीने घेतली. बकुळने अधिकार तिच्या नावावर केले आणि कॉम्प्युटर बंद केला.

थोड्या दिवसांनी हरिभाऊ कुरकुरले. "हे चाक कसलं म्हणतंय? इथे इतकी वर्षं राहून आता आपल्याकडे कोण बोलतं असं?"

"सगळा महाराष्ट्र बोलतो, बाबा."

"बोलू दे. मला आपला जुना आवाज लाव."

"तो आता माझ्या हातात नाही," ती म्हणाली. ते बोलताना तिला बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं.

सुटका झाली म्हणावी तर संध्याकाळ मोकळी मिळू लागली, एवढंच. पहिल्या आठवड्यात ती बडा बाजारात गेली. दोन दुकानांत शिरून काही न घेता बाहेर आली. उगीच फोन काढून बघितला; कुणीच हाक मारली नव्हती. सातच्या आत घरी पोचायचं होतं, बाबांच्या डोळ्यांत औषध घालायला. दृष्टी गेली तरी दुखणं थांबवायला ते घालावंच लागतं. तिला कळलं की आपण इतकी वर्षं त्या कामाला बेडी म्हणत होतो, पण घरातून बाहेर उघडणारं एवढंच दार आपल्याला होतं. तेही आपणच कुणाला तरी देऊन आलो.

तिने अमितला फोन केला.

"मे महिन्यात मी नांदेडला जातेय. पंधरा दिवस. तू इथे राहायचंस."

"ताई, मे कठीण आहे गं. पुढच्या दिवाळीत बघू या."

"बघू या नको. तारीख सांग."

अमित आला, पण पंधरा दिवसांची सुट्टी मिळाली नाही म्हणून आठवडाभरच. बकुळ गेली. कल्याणीच्या घरी सगळे एकदम बोलत होते, आणि जेवताना त्यांनी बकुळला चाक, चारा, चटणी म्हणायला लावलं. ती चुकली की कल्याणीचा लहान भाचा ताटावरून उठून नाचायचा. एक-दोन शब्द तिला जमले. बाकीचे नाहीत.

ती परतली तेव्हा अमितची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. हरिभाऊंनी जिन्यातच पाऊल ओळखलं.

"आली का गं? औषधाची वेळ टळून गेली."

"आले, बाबा," म्हणत तिने चप्पल काढली आणि आधी हात धुतले.