मलिद्याचा डबा

आळेफाट्याच्या मंगल कार्यालयात ज्यू मंडळींचा मेळावा होता. तिकडं परदेशात युद्ध पेटलेलं, इकडं गावात मोर्चे निघत होते, म्हणून दारात हवालदार उभा. मी माइकवाला, मला वायरींशी काम.

साठीचा एक माणूस स्टीलचा डबा छातीशी धरून आला. बोलणं अगदी आमच्याकडचं. डब्यात प्रार्थनेचा मलिदा होता, म्हणजे गूळ-खोबरं घातलेले पोहे. हवालदार म्हणाला, "आधी एक घास खाऊन दाखवा."

"प्रार्थनेआधी उष्टं करत न्हाई, राव. तुमीच आत चला, डब्यापाशी बसा. प्रार्थना झाली की पैला घास तुमच्यादेखत खातो."

हवालदार खरंच आत आला. देवाचं काम म्हणून त्यानं बूट काढले, मग टोपीही काढली. त्या माणसानं ती उचलून परत त्याच्या डोक्यावर ठेवली. "आमच्यात देवापुढं डोकं झाकत्यात."

प्रार्थना हिब्रूत झाली, गाणी मराठीत. मग त्यानं घास खाल्ला आणि हवालदाराच्या ओंजळीत मलिदा घातला.

जेवताना मी त्याला विचारलं, "राग नाही आला?"

"कशाचा? त्याला माझ्या डब्याचं भ्या, मला भाईरच्या मोर्चाचं. जरा शेजारी बसलो, बरं वाटलं."

त्याचं नाव विचारायचं राहिलंच. संध्याकाळी मी वायरी गुंडाळून निघालो, तेव्हा हवालदार दारातच होता. घाम पुसायला त्यानं टोपी काढली, आत बघितलं आणि घाईनं परत घातली.