ज्याला खायचंय त्यानं स्वतः यावं

शाम शुई पो या वस्तीतल्या आमच्या गल्लीत मोक काकू माशाची पेज विकायच्या. माझं चपलांचं दुकान त्यांच्या हातगाडीला लागूनच. त्यांचा नवरा बोटीवर गेला तो परतलाच नाही. तेव्हापासून पेजेचं ते अवजड पातेलं त्या एकट्या उचलायच्या.

दर शनिवारी आह-बिउ नावाचा इसम आमच्याकडून चहापाणी गोळा करायचा. तो पोलीस नव्हता, पोलिसांचा माणूस होता. पैसे सार्जंट तामकडे जातात हे सगळ्यांना ठाऊक. आम्ही निमूट द्यायचो, काकूही द्यायच्या.

पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात समोरचा हो नावाचा म्हातारा फळवाला आजारी पडला, हप्ता चुकला. पोलिसांनी त्याच्या टोपल्या उधळल्या आणि रस्ता अडवला म्हणून त्यालाच कोठडीत टाकलं. त्या शनिवारी काकूंनी आह-बिउला रिकामा हात दाखवला.

"डोकं ठिकाणावर आहे ना, काकू?"

"माझं आहे. तुझं तामच्या खिशात आहे."

दुसऱ्याच दिवशी हातगाडी जप्त झाली. काकूंनी दंड भरून ती सोडवली आणि तडक नव्या लाचलुचपत विरोधी खात्याच्या कचेरीत गेल्या. सोबत म्हणून मला ओढलं.

यिप नावाच्या अधिकाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. "आह-बिउला पकडणं सोपं आहे. पण ताम म्हणेल, हा कोण, मी ओळखत नाही. पैसे तामनं स्वतः घेतलेले दिसले पाहिजेत."

"मग त्यालाच बोलावते."

"तो कशाला येईल?"

"येईल. त्याला अपमान सोसत नाही."

मग खात्याची माणसं रंगारी, हमाल बनून गाडीवर पेज खायला बसू लागली. एक पोरगी तर रोज वाट्या विसळायची, तीही त्यांचीच. काकूंनी तामला द्यायच्या नोटांचे नंबर आधीच टिपून ठेवले होते.

शनिवारी आह-बिउ आला तसा काकूंनी भर बाजारात आवाज चढवला. "जा, सांग तुझ्या धन्याला! निम्मे पैसे वाटेत तूच गिळतोस असं लोक म्हणतात. ज्याला खायचंय त्यानं स्वतः यावं!"

लोक खदखदा हसले.

आणि ताम खरंच आला. साध्या कपड्यांत, रागानं लालबुंद होऊन. "म्हातारे, फार माज चढलाय?"

"बसा साहेब. हे घ्या चहापाणी. आता कुणी माझी गाडी उचलणार नाही ना?"

"मी आहे तोवर नाही," म्हणत त्यानं नोटा खिशात घातल्या. शेजारच्या रंगाऱ्यानं वाटी खाली ठेवली आणि त्याच्या खांद्यावर हात टाकला.

कोर्टात तामच्या वकिलानं काकूंना टोचलं, "इतकी वर्षं तुम्हीच लाच देत होतात ना?"

"देत होते. भीत होते म्हणून. आता भीत नाही, म्हणून इथं उभी आहे."

ताम तुरुंगात गेला. त्याच्या वरचे दोघे पुराव्याअभावी सुटले. त्यानंतर कुणीतरी काकूंची हातगाडी दोनदा उलथवली. दोन्ही वेळा त्यांनी ती सरळ केली, शिव्या हासडल्या आणि चूल पेटवली.

यिप पुन्हा आला तो वेगळ्याच कामासाठी. गाड्यांना जागा कोण देतं, कशी देतं, एवढंच विचारत हिंडला. कुणाची जागा कुठवर हेच ठरलेलं नव्हतं, त्यामुळे 'रस्ता अडवला' म्हणून कुणीही दमदाटी करू शकत होतं. त्याच्या खात्याच्या सल्ल्यानं रस्त्यावर पिवळे चौकोन आखले गेले आणि सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढून ते वाटले.

म्हाताऱ्या होला मोक्याचा कोपरा मिळाला. काकूंना गटाराशेजारची जागा! त्यांचं तोंड उतरलेलं बघून बाजाराचा कारकून हळूच म्हणाला, "काकू, तुमच्यामुळेच हे झालं. तुमचा चौकोन गुपचूप बदलून देऊ का?"

काकूंनी पेजेचा डाव उगारला. "हात तर लावून बघ! तक्रार कुठं करायची ते मला चांगलं ठाऊक आहे."

आणि हातगाडी ढकलत त्या गटाराकडे निघाल्या.